बूट माणसाळवताना

आमच्या घरात नवी वहाण चावते कशी, हे आबा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखायचे आणि थोडी कोरडवाहू होती ती करायचे. वहाणा यायच्या जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून. म्हशीचं जाड कातडं, खाली टायरचा तळ, वर ठोकलेले मोळे, आणि सगळा ऐवज तव्यावर विसरलेल्या भाकरीइतका कडक. घरात कुणाचीही नवी जोडी आली की ती आधी आबांपुढं ठेवायची, अशी रीतच होती. आबा तिला करडीचं तेल पाजायचे, एक रात्र खुंटीला टांगायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायात घालून मेंढरांमागं निघायचे. आठवडाभर माळ, ओढा, कापसाचे बांध तुडवून झाले की जोडी ज्याची त्याला परत. तोवर ती कानाच्या पाळीसारखी मऊ झालेली असे. आबा याला वहाण माणसाळवणं म्हणायचे, नवं आणलेलं कुत्रं किंवा खोंड माणसाळवतात तसं. माझी, मायची, धाकट्या सुमीची, सगळ्यांची वहाण त्यांच्याच पायाखालून आलेली. सुमीची तर त्यांच्या पायात बोटांपुरतीच जायची. टाच मागं जमिनीवर, पुढं बोटांत अडकवलेली चिमुकली वहाण, आणि हातात काठी घेतलेला हा उंचपुरा माणूस गावातून निघाला की पारावरची माणसं विचारायची, आज कुणाच्या पायानं निघाले म्हणून. आबा बराबर नाव सांगायचे. "आज सुमीच्या," म्हणायचे आणि पुढं व्हायचे.

यात एक गोम होती. तरुणपणी आबा बांधावरून पडले होते आणि त्यांचा डावा घोटा जरा वाकडाच सांधला होता. त्यामुळं डावा पाय बाहेरच्या कडेवर पडायचा. साहजिकच आमच्या घरातली प्रत्येक डावी वहाण बाहेरच्या अंगाला कललेली, आणि ती घालणारी माणसंही तशीच कललेली. गावच्या फुफाट्यात उमटलेलं पाऊल बघून लोक सांगायचे, हे मेंढरंवाल्याच्या घरचं. मी आणि एका दोस्तानं एकदा कुणाच्या तरी रानातला ओला हरभरा उपटून खाल्ला, डहाळे शिस्तीत बांधाआड लपवले आणि घरी येऊन तोंडं धुऊन बसलो. शेतमालक सरळ आमच्या दारात. म्हणाला, पाऊल तुमच्या घरचं हाय, आता माणूस कोणता ते तुमीच ठरवा. आबांनी माझ्या हिरव्या बोटांकडं बघितलं आणि पाऊल आपलंच असल्याचं सांगून टाकलं. मालक हसत गेला. मला वाटलं, सुटलो. मग माय बोलायला लागली.

आता मी हिंगोलीत राहतो. गुडघे कुरकुरतात म्हणून सूनबाईनं मला चालायचे बूट आणून दिलेत. पांढरे, पिसासारखे हलके. पाय घातला की पावाच्या लादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. पहिल्याच दिवशी ते घालून गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो, परत आलो, पायावर साधी लाल रेघ नाही. सूनबाईनं विचारलं, छान आहेत ना? छानच आहेत. पण दुकानातून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी इतकी गुमान ऐकायला लागली की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. थोडंतरी भांडण व्हायला हवं होतं. बुटांशी माझं खरं भांडण आयुष्यात एकदाच झालं, आणि ते मी एकट्यानं केलं असतं तर हरलोच असतो.

तेव्हा मी हिंगोलीच्या कॉलेजात जायचो, गावाहून एसटीनं. कॉलेजात कवायत शिकवणारे एक सर होते. त्यांचं नाव हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. पोरं त्यांना मार्चसर म्हणायची, कारण ते कॅन्टीनलासुद्धा हात हलवत, पावलं आपटत जायचे. हिवाळ्यात हिमालयात गिर्यारोहणाचं शिबिर असतं आणि त्याला आपल्या कॉलेजातली काही पोरं जाणार, असं सरांनी एक दिवस जाहीर केलं. माझी निवड झाली ती मी चांगला चालतो म्हणून. दुसरा गुण माझ्यात शोधूनही सापडला नव्हता. डोंगर म्हणून मी औंढ्याभोवतालच्या टेकड्या पाहिल्या होत्या. बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर, भुशात गुंडाळलेला. तो डोंगरभर पसरलेला असतो आणि कुणी विकत नाही, ही गोष्ट मला काही केल्या पटत नव्हती. ती डोळ्यांनी बघायची होती. शिवाय सर म्हणाले होते, असं शिबिर केलेल्या पोराला जंगल खात्याच्या भरतीत कुणी मागं ढकलत नाही. हे घरी सांगितलं तेव्हा आबा एका मेंढीची गोचीड काढत बसले होते. त्यांनी हात थांबवून मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत गोचिडीला लागले. आमच्या घरात याला आनंद म्हणायचे.

सरांनी कुठूनशी बर्फात चालायच्या बुटांची पोती मिळवली आणि कॉलेजच्या मैदानावर ओतली. तपकिरी, घोट्याच्या चांगले वर जाणारे, तळ असा की वाकवायचा तर दोन माणसं लागतील. सर एकेकाला माप विचारून बूट देत होते. माझ्या पायाला तोवर कुणी आकडा विचारला नव्हता. जवळ्याच्या बाजारात कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, झालं माप. माझ्या पुढच्या पोरानं मोठ्या ऐटीत आठ म्हटलं. मला तो आकडा आवडला. मीही आठ म्हटलं. बूट लांबीला बरोबर आले, रुंदीला नाही. माझी बोटं जन्मभर ऐसपैस पसरून बसलेली, बाजारात पथारी टाकल्यासारखी. त्यांना एकदम एसटीच्या दोघांच्या सीटवर पाच जणांनी बसावं तसं बसावं लागलं. बदलून मागता आले असते. पण आठ म्हणून बसलो होतो.

मग सरांनी सगळ्यांना समोर बसवून अट सांगितली. बर्फात बूट लागला, फोड फुटला, तर पाय गमवायची पाळी येते. तेव्हा पंधरवड्यात बूट मऊ करायचे, ज्याचे त्यानं, स्वतःच्या पायात. त्यानंतर हिंगोलीहून औंढ्यापर्यंत सगळ्यांनी चालत जायचं.

"औंढ्यात मी बूट काढायला लावणार आणि पाय बघणार," सर म्हणाले. "ज्याच्या पायाला फोड असेल त्यानं तिथूनच एसटी धरायची. हिमालय त्याच्यासाठी औंढ्यातच संपला."

शहाण्या माणसानं पहिल्या दिवशी ते बूट घालून घरातल्या घरात चार येरझाऱ्या घातल्या असत्या. मी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि लांबच्या वाटेनं निघालो. पिठाची गिरणी, पार, देऊळ, जिथं जिथं माणसं बसतात तिथून तिथून. गिरणीपाशी टाचा जळायला लागल्या. पारापाशी करंगळी आपल्याला आहे की नाही हे कळेनासं झालं. देवळापाशी एका म्हाताऱ्यानं विचारलं, मिल्ट्रीत लागलास का, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं देशासाठी आलं. घरी बूट काढले तर दोन्ही टाचांची सालं निघालेली. माय ज्वारीच्या भाकरी थापत होती. तिच्या हातांची ती थपथप आमच्या घरात दिवस मावळल्याची खूण असायची. ती थांबली. माय उठली, हळद आणि तेल घेऊन आली आणि माझ्या टाचांना चोळता चोळता बुटांकडं बघून म्हणाली, "थंडी ऱ्हाऊ दे बाजूला. तिथवर जाऊस्तोवर ह्येच तुला खाऊन टाकतेत."

कॉलेजात रशीद नावाचा दोस्त होता. त्याच्या वडलांचं वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल होतं आणि जगातलं सगळं ज्ञान तिथं थांबणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांकडून त्याच्यापर्यंत पोचायचं. त्यानं उपाय सांगितला. हरभरे भिजवायचे, बुटात ठासून भरायचे, बांधून ठेवायचे. रातभर फुगतात, बूट आपोआप रुंद होतो. मी मायच्या डब्यातले हरभरे उचलले, भिजवले, बुटांत गच्च भरले, लेस आवळून दोन्ही बूट ओट्यावर ठेवले आणि निवांत झोपलो. पहाटे अंगणात भांडी आपटल्यासारखा आवाज झाला. बाहेर आलो तर आमच्या बोकडानं एका बुटात तोंड घातलेलं आणि लेस त्याच्या शिंगात अडकलेली. तोंड बाहेर निघेना आणि हरभरे खायचं तो थांबेना. बूट तोंडावर घेऊन तो अंगणभर धावत होता, रांजणावर आदळत होता, आणि मागून वाडग्यातली सगळी मेंढरं भीतीनं ओरडत होती. आबांनी त्याला कवेत धरलं, मी लेस सोडवली. सुमी दारात उभी राहून दात घासत होती. ती म्हणाली, "दादा, तुझ्याआधी बोकडच जाऊन राहिला हिमालयात."

बूट रुंद झाले नाहीत. आतून मात्र बरेच दिवस हरभऱ्याचा आणि बोकडाचा मिळून एक वास येत राहिला.

त्या दिवशी मी टाचांना पट्ट्या बांधून चपलांवरच कॉलेजला गेलो. संध्याकाळी परतलो तर ओट्यावर बूट नव्हते. थोड्या वेळानं मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या आणि घंटांच्या मागून एक जड थाप, जमिनीत मेख ठोकल्यासारखी. आबा येत होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि खाली ते हिमालयाचे तपकिरी बूट. पारावर त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांनी बराबर उत्तर दिलं होतं, आज किसन्याच्या. सर म्हणाले होते, ज्याचे त्यानं, स्वतःच्या पायात. अटीतला हा भाग मी घरी सांगितला नव्हता. विसरलो, असं मी आजवर सांगत आलो आहे आणि ती सवय आता मोडायचं कारण दिसत नाही.

ते दिवस फार सुखात गेले. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. माय मोठ्या पातेल्यात मीठ घालून त्या उकडायची आणि सूपभर शेंगा पुढ्यात ओतायची. मी भिंतीला टेकून, पाय लांब करून शेंगा सोलायचो, टाचांवर नवी कातडी धरत होती, आणि तिकडं माळावर माझे बूट कुणीतरी दुसरंच माणसाळवत होतं. माणसाला याहून काय पाहिजे? रशीदला मी सांगितलं, बूट आमच्याकडं आपोआप मऊ होतात. तो फाट्यावरच्या ड्रायव्हरांना विचारून आला आणि असं होत नसतं म्हणाला. मी त्याच्या अज्ञानाला हसलो.

रोज संध्याकाळी घंटांमागून ती थाप यायची. पण हळूहळू ती बदलली. आधी दोन्ही पावलं सारखी वाजायची, मग एक लवकर उचललं जायला लागलं, मग दोन्ही. सुमीला ते माझ्याआधी कळलं. आबा काहून लंगडून राहिले, म्हणून तिनं जेवताना विचारलं. काटा मोडला, आबा म्हणाले, आणि ठेच्यावर तेल ओतून घेतलं. मी शेंगा खात होतो. पण मलाही ते पटलं नाही. बाभळीचा काटा आबांच्या टाचेत मोडायचा नाही, टाचेवर मोडायचा. तुटून बाजूला पडायचा.

रविवारी सकाळी मी परसात गेलो. आबा गव्हाणीच्या कडेला बसले होते, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, आणि माय पाण्यात मूठभर मीठ टाकत होती. मला बघून आबांनी पाय उचलायची घाई केली आणि त्यामुळंच ते नीट दिसले. तळवे जसे होते तसेच, भेगाळलेले, खडकासारखे. वर मात्र, घोट्याच्या हाडांवर, मागच्या शिरेवर, नडगीच्या खाली, सगळीकडं फोड. काही फुटलेले, काही पाण्यानं भरलेले. तोवर मी आबांचे पाय म्हणजे तळवेच समजत होतो. त्या तळव्यांच्या चार बोटं वर सुमीच्या गालासारखी मऊ कातडी होती, हे मला कधी दिसलं नव्हतं. दिसायचं कारणही नव्हतं. वहाण तिथवर पोचतच नाही. त्या कातडीला आयुष्यात कशाचाच स्पर्श झाला नव्हता, वाऱ्याशिवाय आणि माझ्या बुटांशिवाय.

"काटा कुठंय, आबा?"

"खालून काय न्हाई," ते म्हणाले. "तुझे बूट वरून चावतेत. लई बेइमान चीज हाय."

माय म्हणाली, "मी रोज म्हणून राहिले, सोडा म्हणून. तर म्हणतेत, लेकराची तकलीफ तेवढीच कमी."

आबांनी बूट पुढं सरकवले आणि घालून बघायला सांगितलं. मी पाय घातले. कातडं खरंच नरमलं होतं, बोटांनाही थोडी जागा झाली होती. उजवा तर जन्मापासून माझाच असावा इतका बसला. डाव्यात मात्र पाय घातला की तो बाहेरच्या अंगाला कलंडायचा आणि आतल्या घोट्यावर बुटाची कडा सुरीसारखी बसायची. मी परसात दोन फेऱ्या मारल्या, चेहरा शक्य तेवढा सरळ ठेवून. आबा चेहऱ्याकडं बघतच नव्हते. पायाकडं बघत होते.

"न्हाई बसला," ते म्हणाले.

"सवय व्हईल, आबा."

"न्हाई व्हणार. ह्यो माझ्या पायाचा झाला." त्यांनी बूट हातात घेतला, तळ वाकवून बघितला, आत हात घालून घोट्याची जागा चाचपली. "वहाण उघडी असती. तिच्यात कुणाचाबी पाय चालतो. ह्यो समद्या बाजूंनी धरतो. ह्यो एकाच पायाचा ऱ्हाणार." मग बूट खाली ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आजवर तुमच्या समद्यांच्या वहाणा म्या माणसाळवल्या. ह्ये काय माझ्याच्यानं व्हईना, पोरा."

असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी खरं बोलून गेलो. सरांनी तसंच सांगितलं होतं, म्हणालो, ज्यानं त्यानं आपल्याच पायात मऊ करायचे म्हणून.

मायनं मिठाचा हात पदराला पुसला. मग तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग सगळीकडून, आणि ती खालीच बसली. आबा तिच्याकडं बघत राहिले, घमेल्यातल्या आपल्या पायांकडं बघत राहिले आणि तेही हसायला लागले. मला हसायचं धाडस झालं नाही, ते बरंच झालं. आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आदी काहून न्हाई सांगितलंस? उद्यापासून मेंढरांमागं चल. घाल पायात आन् चल."

औंढ्याला चालत जायचा दिवस आता जवळ आला होता. मी कॉलेजला दांडी मारली आणि रोज मेंढरांमागं निघालो. आबा अनवाणी. सुजलेला पाय वहाणेत शिरेना म्हणून त्यांनी ती घरीच ठेवली होती. मी बुटांत. मेंढरं काही लांब पल्ला एका दमात कापत नाहीत. दहा पावलं चालतात, थांबतात, तोंडाला येईल ते ओरबाडतात, परत चालतात. बुटांसाठी याहून चांगली चाल नाही, हे मला पुढं कळलं. ओढा लागला की आबा मला बुटांसकट पाण्यात घालायचे आणि ते पायातच वाळेपर्यंत चालवायचे. डाव्या बुटाला परत शिकवायचं होतं, म्हणून बांधाच्या उतारावरून, डावा पाय चढाच्या अंगाला ठेवून आडवं चालायचं. बाहेर कललेला तळ त्यानं आतल्या बाजूला दबतो. मी कुरकुरत चालायचो, मागून आबा बघत यायचे.

आणि तिथं त्यांना ते दिसलं. एका दुपारी त्यांनी मला थांबवलं, माझ्यापुढं वाटेवर बसले, मला चार पावलं जायला लावलं, परत यायला लावलं. मग म्हणाले, "तू माझ्यावाणी काहून चालून राहिला? घोटा माझा वाकडा हाय. तुझा सरळ हाय."

मी म्हणालो, मी असाच चालतो.

"न्हाई," ते म्हणाले. "तू माझ्या वहाणांत चाललास म्हणून असा चालतो. सरळ टाक."

मी सरळ टाकला तर पडल्यासारखं झालं. आयुष्यभर एका बाजूला कललेलं घर कुणीतरी एकदम सरळ करावं, तसं. आबा माळभर मागून तेवढंच सांगत राहिले, सरळ टाक, सरळ टाक. मेंढरांनाही त्या आवाजाची सवय झाली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, चालायला मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा सगळेच शिकतात. दुसऱ्यांदा मी शिकलो तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या, आणि शिकवणारा माणूस आपली चाल माझ्या पायांतून काढून घेत होता. ती देताना त्याला किती वर्षं लागली होती हे त्यालाही माहीत नसणार. काढताना मात्र तो एकदाही थांबला नाही.

घासायच्या जागेसाठी मायनं आपल्याकडची जावळ काढली. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. सुमीच्या लग्नातल्या उशीसाठी माय ती दर हंगामाला थोडी थोडी साठवायची. सुमीनं ती स्वतः माझ्या घोट्यांना, टाचांना, बोटांमधून गुंडाळली आणि आता तुला लांडगा धरल असं म्हणाली. तेलकट, मऊ लोकर होती. बुटाची कडा तिच्यावर घसरायची, कातडीला धरायची नाही.

औंढ्याच्या रस्त्याला आम्ही सकाळी लागलो. सर पुढं, पावलं आपटत. मी मध्ये. ऊन चढलं तशी लोकर तापली आणि वास मारायला लागली. पोरं नाकं वर करून आजूबाजूच्या शेतांत मेंढरं शोधायला लागली. आठ म्हणणारा तो ऐटबाज पोरगा वाटेत एका पुलावर बसला आणि उठलाच नाही. मी चालत राहिलो. तोंडानं काही बोललो नसेन, पण आत एकच चालू होतं, सरळ टाक. औंढ्यात देवळाच्या अलीकडं, नारळ-बेलाच्या दुकानांपुढं एका झाडाखाली सरांनी आम्हाला बसवलं आणि बूट काढायला सांगितले.

माझे बूट काढले तसे लोकरीचे पुंजके वाऱ्यानं उडाले आणि पोरांना वासाचा उलगडा झाला. ती हसली तशी दुकानदारही हसले. सर हसले नाहीत. ते माझ्या डाव्या पायाशी वाकले. आतल्या घोट्यावर बुंदीएवढा लाल डाग होता. सरांनी पाय उजेडात धरून बघितला. फोड म्हणावा तर म्हणता येत होता, नाही म्हणावा तर तसंही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा एसटीच्या थांब्याकडं.

तेवढ्यात घंटा वाजल्या. रस्त्याच्या पलीकडच्या रानात आमची मेंढरं होती. सोयाबीन निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. पण आबांची रानं नेहमी दुसऱ्या अंगाला असायची. औंढ्याच्या बाजूचं आवतन त्यांनी नेमकं त्याच दिवशी कसं घेतलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारलं असतं तर काटा मोडला म्हणाले असते. ते रस्ता ओलांडून आले, सरांना रामराम केला आणि माझ्यापुढं उकिडवे बसले. मेंढीचा खूर बघतात तसा त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर उलटा घेतला आणि त्या डागावर अंगठा दाबला. चांगला जोरात दाबला. दाबताना डागाकडं बघत नव्हते, माझ्या डोळ्यांकडं बघत होते. मी पापणी हलवली नाही. दुखत नव्हतं, म्हणून जमलं.

"खाली पाणी न्हाई," ते सरांना म्हणाले. "ह्यो चालल."

सरांनी एकदा आबांकडं बघितलं, मग मला म्हणाले, "घाल बूट."

आता सांगायला हरकत नाही. हिमालयात शिबिर घेणाऱ्या संस्थेनं पहिल्याच दिवशी आमचे बूट पोत्यात भरून घेतले आणि बर्फासाठी आपले दिले, नवे कोरे, माझ्या बुटांपेक्षा कडक. सगळी पोरं कण्हत होती आणि मी एकटाच हसत होतो. पण त्या दुपारी औंढ्यात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा थांबले नाहीत. मेंढरं बांधाकडं सरकली होती. ते रस्ता ओलांडून त्या काळ्या रानातून परत निघाले, अनवाणी, दोन्ही पाय राखून राखून टाकत, ढेकळांना घोटा लागू नये म्हणून वाकून बघत. सर त्यांच्याकडं बघत उभे राहिले.

"किसन, वडलांच्या पायाला काय झालं?"

"बूट चावले, सर."

"बूट? ते तर अनवाणी आहेत."

"व्हय सर," मी म्हणालो. "माझे चावले त्यांना."